नटवीचा घास

वहिनीचं आणि डागाचं जन्माचं वैर. लाँड्री चालवणाऱ्या बाईचं ते असायचंच. गिऱ्हाईक दारात आलं की दुसरी कुणी तोंड बघेल, ही आधी कॉलर बघायची. शाई, गंज, तेल, घाम, लिपस्टिक, ज्याचा त्याचा उतारा तिला पाठ होता, आणि कुठला डाग कुणाच्या शर्टावर कुठून आला याबद्दल मात्र तोंडाला कुलूप. खाली दुकान, वर घर. खाली वाफ, वर फडकं. तिचा नवरा इस्त्री फिरवता फिरवता गिऱ्हाइकांना सांगायचा, "चंद्र आमच्याकडे धुवायला आला असता ना, तर हिने डाग काढूनच परत पाठवला असता."

अशा घरात नणंदेने समुद्र आणून ठेवला होता.

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. लहानपणी मूठभर होती म्हणून तिला चिऊ म्हणू लागले. पुढे ती वाढली, वाढतच गेली, दाराच्या चौकटीला डोकं टेकायला लागलं, केसांत चांदी आली, तरी आपली चिऊच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की डोळ्यांवरचा चष्मा पुसत म्हणायची, "मला जवळचं फार स्पष्ट दिसतं हो."

तिच्या पगारातली ती टाकी. खाऱ्या पाण्याची, पुढच्या खोलीत, खिडकीपासून जरा आत. तिच्यात एकच मासा. बोटाएवढा जीव, पण काय त्याचा थाट! निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, वेलबुट्टीला हिरवी किनार, पंख म्हणजे झालरीच. धड पोहायचाही नाही. वाळूवरून टुणटुण उड्या घ्यायचा, थबकायचा, मान वळवून दगडाकडे बघायचा आणि पटकन तोंड लावायचा. मासा असला तरी घरात सगळे त्याला बाईच समजत. चिऊने तिचं नाव ठेवलं होतं नटवी.

वहिनीला नटवी आवडायची. तिचं घर आवडायचं नाही. त्या दगडांवर हिरवं, तपकिरी, जांभळट काय काय साचलेलं. मागच्या काचेवर तर शेवाळाची गोधडीच.

"एवढी नटलेली बाई," वहिनी म्हणायची, "आणि घर बघा कसं! चार लोक येतात जातात, चिऊ. मला मेलीला लाज वाटते."

"राहू दे गं. तिला आवडतं तसं."

"तुलाही आवडतं तसंच. तुझी खोली बघते ना मी."

"म्हणून तर आमचं दोघींचं जमतं," चिऊ म्हणायची, आणि हसायची. वहिनीही हसायची. नणंद-भावजयीत जेवढी भांडणं लागतात तेवढी होती, बेतशीर, भाजीतल्या मिठाएवढी.

मग चिऊच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. कुठे आपटलं नाही, धडपडलं नाही, तरी दंडावर निळा, मांडीवर निळा. वहिनीने जन्मभर डाग बघितले होते, पण हे कातडीच्या आतले होते.  डॉक्टर म्हणाले, रक्तच नासलंय. सगळं धुऊन काढावं लागेल आणि भावाच्या हाडातलं काढून तिच्यात घालावं लागेल.

निघताना घाईच होती. चिऊ जिन्यात उभी राहिली, एक हात कठड्यावर.

"वहिनी, नटवीला काही घालू नकोस हं. तिचं ती बघते. पाणी आटलं की नुसतं गोडं पाणी घालायचं, काचेवर मी खूण केलीय तिथपर्यंत. मीठ कुठं उडून जात नाही, पाणीच जातं."

"अगं, नटवीचं काय घेऊन बसलीस? तुझं बघ."

"माझं बघायला ढीगभर माणसं आहेत. तिचं बघायला तू एकटी." आणि मग, उतरता उतरता, पाठमोरीच, "सांभाळशील ना?"

"डोळ्यांत तेल घालून," वहिनी म्हणाली.

दवाखान्यात चिऊला काचेमागच्या खोलीत ठेवलं होतं. आत जायचं तर अंगभर झगा, टोपी, मुखपट्टी. वहिनीला आत सोडतच नव्हते. वाफेत उभं राहून राहून तिला शिंकांची सवय लागली होती. "बाहेरूनच बघा," सिस्टर म्हणाल्या. मग ती काचेबाहेर उभी राहायची, हात हलवायची. आतून चिऊ एक बोट हलवायची. डोक्यावरचे केस गेले होते. ओठ फुटले होते. तोंडभर फोड, पाण्याचा घोटसुद्धा उतरत नव्हता. वहिनी डबा घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. जन्मात पहिल्यांदा तिला काही करायला नव्हतं. पदराचं टोक तेवढं बोटाभोवती गुंडाळायची आणि सोडायची.

दादाच्या हाडातलं काढून झालं, चिऊला देऊनही झालं. आता वाट बघायची म्हणाले. आणि एक दिवस सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "घरी सोडतील तेव्हा घर कसं हवं ते सांगते, ऐका. धूळ नको. बुरशी नको. कुंड्या नकोत. ओल नको. तिच्या अंगात आता लढायला कोणी नाही. साधा मळसुद्धा तिला पुरेसा आहे."

"घरात माशाची टाकी आहे," वहिनी म्हणाली.

"असू दे. पण तिने त्या पाण्यात हात घालायचा नाही. आणि स्वच्छ ठेवा."

स्वच्छ ठेवा! तहानेने व्याकूळ झालेल्याला विहीर दाखवावी तसं झालं वहिनीला. ती घरी आली ती जिना चढतानाच बाह्या सरसावत.

पडदे उतरले, गाद्या उन्हात गेल्या, कुंड्या शेजारणीकडे गेल्या. कपाटामागची भिंत कित्येक वर्षांनी उजेड बघत होती. वहिनी काम करताना गुणगुणायची, जोडत जायची मनाला येईल ते. त्या दिवशी तर तिचा गळा मोकळाच झाला होता:

*उंबरा पुसते, पुसते दाराची कडी,*
*येईल नणंद माझी, तिची पायरी कोरडी.*

आणि शेवटी ती टाकीपाशी आली.

तिने सगळं जपून केलं, हे सांगायलाच हवं. नटवीला जाळीने उचलून तिच्याच पाण्यात, बादलीत ठेवलं. टाकीतलं पाणी पातेल्यांत काढून झाकून ठेवलं, एक थेंब फेकला नाही. पंपाच्या डब्याला विजेच्या भीतीने हात लावला नाही. वाळूचा वरचा थर पाच वेळा खळबळून घेतला. आणि दगड न्हाणीत नेऊन, कढत पाण्याखाली धरून, कॉलरच्या ब्रशने घासले. भोकाभोकांतून, कपारीकपारीतून. हिरवं गेलं, तपकिरी गेलं, जांभळट होतं ते खरवडून काढलं. दगड हाडासारखे पांढरेशुभ्र झाले. काच अशी झाली की आहे की नाही कळू नये.

नटवी पुन्हा आत गेली. वाळूवर उतरली. टुणकन एका दगडापाशी गेली, मान वळवून बघितलं, आणि तोंड न लावताच पुढच्या दगडाकडे गेली. मग त्याच्या पुढच्या.

"बघ, कशी फिरून फिरून बघतेय," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "घर ओळखू येईना बाईला."

काही दिवस ती तशीच फिरत राहिली. सकाळी वहिनी चहा घेऊन टाकीपाशी बसायची, तेव्हा नटवी या दगडावरून त्या दगडावर, त्या दगडावरून या दगडावर. मग तिचं पोट आत गेलं. आधी वाटलं उजेडाचा खेळ आहे. पण अंगाच्या कडेला, पंखाच्या मागे, बोटाने दाबून ठेवावा तसा खळगा दिसायला लागला. वेलबुट्टी तीच, झालर तीच, आतलं माणूस मात्र वाळत चाललेलं.

काही घालू नकोस म्हणाली होती चिऊ. पण उपाशी जीव समोर दिसत असताना कुठल्या बाईचा हात थांबतो? वहिनीने दुकानातून माशांचं सुकं खाणं आणलं. ते वर तरंगत राहिलं. गोठवलेल्या बारीक कोळंबीची वडी आणली, चिमटीने तिच्या तोंडापुढे धरली. नटवीने मान वळवून बघितलं आणि बाजूला सरकली. वहिनीने हात पाण्यात तसाच ठेवला, कोपरापर्यंत बाही भिजली, तरी ठेवला.

"घे गं," ती म्हणाली. "घे ना बाई. एक घास. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी घे."

"मासा आहे तो," नवरा मागून म्हणाला. त्याची कंबर अजून दुखत होती, सुया टोचलेल्या जागी हात धरून तो वाकून चालायचा. "भूक लागली की खाईल."

"तुमची बहीण खातेय का?"

 खाली गेला. खालून वाफेचा सुस्कारा ऐकू आला.

वहिनीच्या ओठांवर आपोआप आलं, आणि आल्यावर तिचं तिलाच ते नको झालं:

*समुद्राची लेक आली काचेच्या घरी,*
*घास कसा भरवू, हात माझा बाहेरी.*

फोनवर चिऊचा आवाज आता जरा फुटायला लागला होता. "नटवी काय म्हणते?" हे पहिलं. आणि वहिनी, जिने गिऱ्हाइकाला कधी फाटका शर्ट नीट आहे म्हणून दिला नाही, ती म्हणायची, "मजेत आहे. तुझीच वाट बघतेय."

मग एका दुपारी चिऊ म्हणाली, "आज मला बरं वाटतंय. व्हिडिओ कर. मला बघू दे तिला."

नाही कसं म्हणणार? वहिनीने फोन टाकीसमोर धरला. मनात एकीकडे भीती होती आणि एकीकडे, खोटं का बोला, थोडा अभिमानही होता. माशाचं नाही तर नाही, निदान घर तरी बघेल. फोनच्या चौकटीत चिऊचं टक्कल पडलेलं डोकं, सुजलेला चेहरा जवळ आला. डोळे मात्र तेच, काचा घासणारे.

ते एकेका दगडावरून फिरले.

"दगड धुतलेस?"

"लख्ख केले," वहिनी म्हणाली. "सिस्टर म्हणाल्या मळ नको. कढत पाण्याने धुतले, तुला काही त्रास नको म्हणून..."

पलीकडे कुठलं तरी यंत्र टिकटिकत होतं.

"छान दिसतंय," चिऊ म्हणाली. "थकले गं मी. ठेवते."

फोन ठेवल्यावर वहिनी तिथेच बसून राहिली. चिऊने तिला कधी छान म्हटलं नव्हतं. फार तर "बरंय की" म्हणायची. त्या एका शब्दाने वहिनीला कळलं की काहीतरी भलतंच होऊन बसलंय. काय, ते मात्र कळेना.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. चिऊचाच फोन आला.

"वहिनी, ऐक. रागावू नकोस."

"रागवायचं तू आणि मला म्हणतेस रागावू नकोस? काय केलं मी, ते सांग."

"ती हातचं खात नाही. सुकं नाही, मेलेलं नाही. दगडावरच्या त्या मळात बारीक जीव असतात, सुईच्या टोकाएवढे, पांढरे. दिवसभर ते वेचून खाते. तेवढंच तिचं जेवण. माझंच चुकलं. काही घालू नकोस म्हणाले, पण का, ते नाही सांगितलं. घाईत होते."

वहिनीने डोळे मिटले. कढत पाणी. कॉलरचा ब्रश. भोकाभोकांतून.

"म्हणजे मी तिचं सगळं रान जाळलं."

"तू माझ्यासाठी केलंस."

"ते तिला सांग!" वहिनी ओरडली, आणि ओरडल्याबरोबर तोंडावर हात ठेवला. पलीकडे चिऊ चक्क हसली. मग हसताना ओठ फुटला असावा, स्स केलं.

"दुकानात जा. माझ्या माशावाल्याकडे. त्याला म्हण, मागच्या टाकीतला घाणेरड्यात घाणेरडा दगड दे. जेवढा घाण तेवढा चांगला."

माशांचा दुकानदार बोलघेवडा होता. चिऊचं नाव ऐकताच त्याने आधी तिच्या तब्येतीची विचारपूस केली, मग स्वतःच्या गुडघ्याचं सांगितलं, आणि वहिनी त्याच्या पुढच्या टाक्यांकडे बघू लागली तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"ताई, फार वाईट वेळी आलात. माझ्याकडे माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. सगळ्या खाऱ्या टाक्यांत औषध घातलं. मासे वाचले, पण दगडातलं झाडून सगळं मेलं. एकही दगड कामाचा नाही."

"दुसरं कुणाकडे?"

"गावात खाऱ्या पाण्याचं मीच करतो. नवा माल बोटीने यायचा, कधी येईल ते बोटीलाच माहीत."

वहिनी हलली नाही. दारातून परत फिरणं तिला जमेना. दुकानदाराने तिच्याकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि मागे गेला. मागे एका बादलीत खाऱ्या पाण्यात त्याचे तुटके दगड पडलेले असायचे, तिच्यात औषध गेलं नव्हतं. हात घालून घालून त्याने एक काढला. मुठीएवढा, काळपट, बुळबुळीत. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने तो तिच्या हातावर ठेवला.

"याच्यात आहे जीव. पण आधीच सांगतो, हा पेरणीपुरता आहे, पोटापुरता नाही."

रस्ताभर वहिनीने ते पुडकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. जन्मभर जी घाण ती घराबाहेर काढत आली, तिचा एक गोळा ती आज उराशी धरून घरात नेत होती. पाणी गळून ब्लाउज पुढून भिजला, तपकिरी डाग पडला. तिने बघितलंही नाही.

पांढऱ्या दगडांमध्ये तो काळा दगड ठेवला. नटवी आता फारशी फिरत नव्हती. एका कोपऱ्यात वाळूवर टेकून असायची. वास आला की काय कोण जाणे, ती उठली. दोन उड्या घेतल्या, थांबली, दम घेतल्यासारखी. मग दगडापाशी गेली, मान वळवली, आणि तोंड लावलं.

"खाल्लं!" वहिनी जिन्यातून खाली ओरडली. "अहो, खाल्लं तिने!"

खाली एक गिऱ्हाईक उभं होतं. ते म्हणालं, "नातू का?" नवरा म्हणाला, "हो, तसंच समजा."

चिऊ घरी आली. दादाने तिला जवळजवळ उचलूनच जिना चढवला. आता ती खरंच चिऊ दिसत होती. तोंडावर मुखपट्टी, डोक्यावर टोपी. खोलीत न जाता ती आधी पुढच्या खोलीत आली. वहिनीने खुर्ची टाकीपासून लांब ठेवली होती, चिऊने पायाने ती थोडी पुढे ओढली.

"पाण्यात हात नाही घालायचा."

"नाही घालत गं. डोळे तरी घालू दे."

तिने पर्समधून आपलं चष्म्याच्या दुकानातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि काचेकडे झुकली. वहिनी मागे उभी. चिऊ आधी नटवीला बघत होती, तिच्या कुशीतला तो खळगा. मग काळ्या दगडाला. मग शेजारच्या पांढऱ्याला.

"आहेत?"

"एक दिसला. पांढऱ्यावर चढत होता."

"पुरतील?"

"ते वाढायच्या आत ही खातेय."

"मग आता काय करायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, वहिनी. मला ठाऊक आहे, पण हात घालता येत नाही. तुला हात घालता येतो, पण करण्यासारखं काही उरलं नाही. बस इथे." तिने भिंग मांडीवर ठेवलं. "माझंही असंच केलं त्यांनी. आधी आतून लख्ख धुतलं. मग दादाचं चमचाभर आत टाकलं, आणि बसले बघत. मी विचारायचे, आता काय करायचं? म्हणायचे, काही नाही."

वहिनी तिच्या पायाशी जमिनीवर बसली. दोघी बघत राहिल्या. नटवीने एकदा तोंड लावलं. मग बराच वेळ नाही.

"माझं तरी धरलंय म्हणतात," थोड्या वेळाने चिऊ म्हणाली. ते आनंदाने सांगितल्यासारखं नव्हतं. टाकीतल्या बाईची क्षमा मागितल्यासारखं होतं.

त्यानंतरच्या एका सकाळी वहिनी चहा घेऊन आली, तेव्हा नटवी काळ्या दगडाच्या पायथ्याशी आडवी होती. पाण्याच्या ओढीने झालर हलत होती, तेवढीच.

"गेली ना?" चिऊ दारात उभी होती. दाराची कड धरून.

"हो."

"मला हात लावता येत नाही. तू काढ. जाळीने नको. हाताने."

वहिनीने बाही सरसावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हाताला लागली. कसलं म्हणून वजन नाही. रेशमाचा तुकडा भिजून हातावर यावा तशी. वहिनीने जन्मभर कापडं हाताळली होती, भारीतली भारी. तिने तळहात खिडकीच्या उजेडात नेला आणि नकळत तेच केलं जे ती प्रत्येक कापडाला करायची. अंगठा हळूच फिरवला आणि बघितला.

"रंग उतरला नाही गं," ती म्हणाली. "सगळा जन्म पाण्यात काढला आणि बघ, जरासुद्धा रंग उतरला नाही."

मग तिला रडू फुटलं. तिचे हात त्या पाण्याने ओले, चिऊ जवळ येऊ शकत नव्हती. ती दारातच उभी राहून, लांबून, हवेतच वहिनीच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं करत राहिली.

टाकी रिकामी करायची का, हे विचारायला वहिनीला धीर लागला. चिऊ म्हणाली, राहू दे. वहिनी पाणी आटेल तसं गोडं पाणी घालत राहिली, खुणेपर्यंत. पंप चालू होता. खाणारं कोणी नव्हतं.

चिऊच्या डोक्यावर बारीक लव आली तेव्हाची गोष्ट. ती खुर्चीत बसली होती आणि तिने वहिनीला हाक मारली, "ये, बघ." भिंग वहिनीच्या डोळ्याला लावून दिलं. आधी सगळं धुरकट. मग एकदम दिसलं. काळ्या दगडावर, पांढऱ्या दगडांवर, काचेवर, जिकडे तिकडे पांढरे ठिपके, धावणारे, थांबणारे, गर्दीच गर्दी. पांढऱ्या दगडांना हिरवट झाक आली होती.

"एवढे!" वहिनी म्हणाली. मग भिंग खाली घेतलं. "आत्ता आले होय रे मेल्यांनो."

 चिऊपुढे पेजेची वाटी होती, गार झालेली. तिने दोन चमचे घेतले, तिसरा घेतला, आणि वाटी बाजूला सरकवली.

दुपारी वहिनीने रोजच्यासारखं घर पुसलं. सिस्टरने सांगितल्याप्रमाणे, कोपरान् कोपरा. खिडकी, खुर्चीचे हात, दाराची कडी, टाकीचं स्टँड. फडकं वर वर येत काचेपाशी आलं. काचेच्या आतल्या अंगाला, खालच्या कडेशी, हिरवं धरायला लागलं होतं. बोटभर. वहिनीचा हात सवयीने पुढे गेला, आणि थांबला. नुसती बाहेरची धूळसुद्धा तिने पुसली नाही.

"पूस की बाहेरून," चिऊ मागून म्हणाली. "बाहेरून चालतं."

"राहू दे," वहिनी म्हणाली, आणि फडकं पिळायला न्हाणीकडे वळली.